वीज गेली, टायमर कुठवर आला होता?

पोलादाचा जॉब पाणी देऊन कडक केला की तो ठिसूळ राहू नये म्हणून त्याचं टेंपरिंग करतात. ठरलेल्या तापमानाला, समजा ५५० अंश सेल्सिअसला, तो भट्टीत दोन तास ठेवायचा, याला सोक म्हणतात. ही दोन तासांची मोजणी हल्ली पॅनलमधला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, करतो. समजा ७३ मिनिटं झाली आणि लाइट गेली. चार मिनिटांनी आली. आता पुढे काय? पुन्हा शून्यापासून दोन तास? उरलेली ४७ मिनिटं? की लाइट नव्हती ती चार मिनिटंही जमेस धरून फक्त ४३?

तिन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या मशीनवर बरोबर असतात, आणि पीएलसीला यातलं काहीच कळत नाही. प्रोग्राम लिहिताना जे ठरवलं असेल, किंवा ठरवायचं राहून गेलं म्हणून जे आपोआप ठरलं असेल, तेच तो करतो. वीज जाऊनही टायमर जपायचा कसा, हे प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सापडतं. हा टायमर नेमकं मोजतोय काय, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

पीएलसी येण्याआधी पॅनलमध्ये नुसते रिले आणि टायमर असायचे. तेव्हा हा प्रश्न यंत्राच्या घडणीनेच सोडवलेला असे. हवेच्या भात्यावर चालणाऱ्या न्यूमॅटिक टायमरच्या कॉइलची वीज गेली की स्प्रिंग सगळं मागे खेचून मोकळी होई, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मोटरवर फिरणारा कॅम टायमर मात्र जिथे थांबला तिथेच राही. जुन्या वॉशिंग मशीनची फिरणारी चकती आठवा. मध्येच लाइट गेली तरी ती अर्ध्या धुण्यावर उभी असायची आणि लाइट आली की तिथूनच पुढे सरकायची. लॅचिंग रिलेला दोन कॉइल: एकीने लागतो, दुसरीने सुटतो, मधल्या काळात वीज असो नसो. कुठला टायमर विकत आणला, यातच निर्णय झालेला असे.

पहिला पीएलसी म्हणून ज्याचं नाव घेतात तो मॉडिकॉन ०८४. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेच्या पॅनलला पर्याय मागितला. डिक मोर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने तो दिला. तो त्यांचा ८४ वा प्रकल्प, म्हणून नाव ०८४. गंमत अशी, की त्याची मेमरी चुंबकीय कड्यांची, म्हणजे कोर मेमरी होती. कड्याचं चुंबकत्व वीज गेल्यावरही तसंच राहतं. पुढे स्वस्त आणि वेगवान सेमिकंडक्टर रॅम आली आणि बॅटरीची कटकट तिच्याबरोबर आली.

आता पीएलसीच्या आत टायमर म्हणजे काय ते पाहू. बाहेरच्या टायमरसारखी तिथे कुठलीही वस्तू नसते. मेमरीत एक प्रीसेट असतो, आजवर किती मोजलं तो आकडा असतो, आणि एक-दोन बिट असतात: मोजणी चालू आहे का, वेळ पुरी झाली का. पीएलसी आपला प्रोग्राम वरून खाली सतत वाचत असतो. त्या प्रत्येक फेरीला स्कॅन म्हणतात आणि तो काही मिलिसेकंदांत होतो. स्कॅन टायमरच्या ओळीवर आला की आधीचा कॉन्टॅक्ट चालू असल्यास आकडा वाढवायचा, आणि प्रीसेटला पोचला की बिट लावायचा. साध्या ऑन-डिले टायमरमध्ये तो कॉन्टॅक्ट सुटला की आकडा शून्य होतो.

आकडा वाढवण्याच्या दोन रीती आहेत, आणि वीज जाण्याच्या संदर्भात त्यांतला फरक चांगलाच महाग पडू शकतो. एक रीत साठवण्याची: मागच्या स्कॅनपासून जेवढा वेळ गेला तेवढा आकड्यात मिळवायचा. असा आकडा जपून ठेवला की काम झालं. दुसरी रीत वजाबाकीची: टायमर सुरू झाला तेव्हा कंट्रोलरच्या आतल्या घड्याळात किती मिलिसेकंद होते ते लिहून ठेवायचं, आणि दर वेळी आत्ताच्या आकड्यातून ते वजा करायचं. हे आतलं घड्याळ भिंतीवरचं नाही. कंट्रोलर चालू झाल्यापासून किती वेळ झाला एवढंच ते सांगतं आणि बंद होऊन चालू झाला की शून्यावरून निघतं. वजाबाकीच्या रीतीचा टायमर जसाच्या तसा जपला, तर लाइट आल्यावर सुरुवातीची नोंद जुनी आणि घड्याळ नवं अशी जोडी जमते. छोट्यातून मोठं वजा केलं की ३२ बिटांच्या बिनचिन्ह आकड्यात उत्तर भलतंच मोठं येतं (३२ बिटांत सुमारे ४९.७ दिवसांचे मिलिसेकंद मावतात), आणि टायमर तत्काळ ‘वेळ पुरी’ म्हणून मोकळा होतो. दोन तासांचा सोक दोन सेकंदांत आटोपला, असा हा प्रकार. म्हणून स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये टायमरच्या अख्ख्या ब्लॉकला रिटेन (‘वीज गेल्यावरही जप’) ही खूण लावण्याआधी तो आतून कसा मोजतो हे एकदा मेन स्विच पाडून बघावं. शंका असेल तर आपला साधा सेकंदांचा आकडा ठेवावा, तो वाढवावा आणि तेवढाच रिटेन करावा.

वीज जाते त्या क्षणी आत बरंच काही घडतं. मेन्स गेल्याबरोबर पीएलसी बंद पडत नाही, पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये थोडी ऊर्जा शिल्लक असते. साधा हिशेब करून पाहू. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २४ व्होल्टला भरलेला आहे आणि सर्किट १२ व्होल्टपर्यंत तग धरतं असं धरलं, तर हाताशी येते सुमारे ०.२२ ज्यूल ऊर्जा. सीपीयू पाच वॅट खात असेल तर ती ४३ मिलिसेकंद पुरते. सीमेन्सच्या एस७-१२०० चा होल्ड-अप काळ २४ व्होल्ट डीसीला १० मिलिसेकंद, १२० व्होल्ट एसीला २० आणि २४० व्होल्ट एसीला ८० असा दिलेला आहे. एवढ्या वेळात लाइट परत आली तर प्रोग्रामला काही झाल्याचं कळतही नाही. नाही आली, तर व्होल्टेजवर नजर ठेवणारं सर्किट इशारा देतं, आणि उरलेल्या ऊर्जेवर सीपीयू जपायचा डेटा कायमच्या मेमरीत उतरवतो. एस७-१२०० ला बॅटरी लागत नाही ती यामुळे. त्यात जपता येणारी जागा अनेक वर्षं अवघी १० किलोबाइट होती त्याचंही कारण हेच. फ्लॅशमध्ये लिहिणं संथ असतं आणि हाताशी वेळ मूठभर.

दुसरा, जुना मार्ग बॅटरीचा. रॅमला लिथियम सेल जोडून ठेवायचा, म्हणजे मेमरी झोपतच नाही. आपल्याकडच्या असंख्य पॅनलमध्ये दिसणारा मित्सुबिशीचा एफएक्स३यू असाच आहे. त्याच्या सेलचं आयुष्य २५ अंशांना साधारण पाच वर्षं. पण भट्टीशेजारच्या पत्र्याच्या पॅनलमध्ये मे महिन्यात २५ अंश कुठले! तिसरा मार्ग सुपर कपॅसिटरचा. तो काही तास ते काही दिवस धरतो. कारखाना दिवाळीला आठवडाभर बंद राहिला की त्याची परीक्षा होते, आणि शनिवारी नीट चाललेलं मशीन सुटीनंतर वेड्यासारखं वागतं.

मायक्रोकंट्रोलरवर घरगुती कंट्रोलर बनवणारे बरेच जण चौथा मार्ग धरतात: दर सेकंदाला टायमरचा आकडा ईईप्रॉममध्ये लिहायचा. अशा मेमरीचा एक कप्पा साधारण एक लाख वेळा लिहिता येतो. सेकंदाला एकदा म्हणजे एक लाख सेकंद, म्हणजे जेमतेम २८ तास. मिनिटाला एकदा लिहिलं तरी सत्तर दिवसांत हमी संपली. लिहायचं ते वीज जाण्याचा इशारा आल्यावर एकदाच, किंवा मग एफरॅम वापरायची. तिला लिहिण्याची अशी अडचण जवळपास नसते.

मेमरी टिकवणं एवढंच काम असतं तर लेख इथे संपला असता. पण मेमरी टिकली तरी टायमर टिकतोच असं नाही. रॉकवेलच्या लॉजिक्स कंट्रोलरमध्ये झाडून सगळे टॅग वीज गेल्यावरही शाबूत राहतात. तरीही टीओएन हा साधा ऑन-डिले टायमर लाइट आल्यावर शून्यावर दिसतो. कारण चालू होताना हा कंट्रोलर एक आगाऊ फेरी मारतो, तिला प्रीस्कॅन म्हणतात. त्या फेरीत टीओएन स्वतःचा आकडा स्वतःच पुसतो आणि साधा आउटपुट सोडला जातो. आरटीओ टायमर मात्र साठवलेला आकडा तसाच ठेवतो, लॅच केलेला बिटही तसाच राहतो. म्हणजे तिथे जपण्याची निवड मेमरीत करायची नसून सूचनेत करायची असते.

सीमेन्समध्ये उलटं. टीओएनआर नावाचा साठवणारा टायमर आहे, पण तो साठवतो ते इनपुट सुटल्यावर. वीज गेल्यावर आकडा टिकायचा असेल तर तो टायमर ज्या डेटा ब्लॉकमध्ये बसला आहे तिथे रिटेनची खूण वेगळी करावी लागते. इनपुट सुटणं आणि सप्लाय जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि नावावरून टायमर निवडणारे इथे हमखास फसतात. लोगो या छोट्या कंट्रोलरमध्ये तर ‘रिटेंटिव्ह ऑन-डिले’ नावाच्या ब्लॉकचा अर्थ एवढाच, की क्षणभराची पल्स मिळाली तरी तो मोजत राहतो. वीज गेल्यावर आकडा जपायचा की नाही हे त्याच ब्लॉकमधलं वेगळं पॅरामीटर ठरवतं.

जुन्या एस७-२०० ची तऱ्हा आणखी निराळी. त्यात टी० ते टी३१ आणि टी६४ ते टी९५ हे साठवणारे टायमर जपता येतात, पण टिकतो तो फक्त आकडा. वेळ पुरी झाल्याचा बिट टिकत नाही. टायमरची ओळ स्कॅनमध्ये आली की आकडा बघून बिट पुन्हा लागतो. पण त्या ओळीच्या वर कुठे तो बिट वापरला असेल, तर पहिल्या स्कॅनमध्ये एकदाच तो खोटा दिसतो. एका स्कॅनपुरतं खोटं हे काउंटर चढवायला किंवा पायरी बदलायला पुरेसं असतं.

आता भट्टीकडे येऊ आणि एफएक्स३यू वर ती मोजणी प्रत्यक्ष बसवू. यात टी० ते टी१९९ हे साधे टायमर, एका ठोक्याला १०० मिलिसेकंद. टी२४६ ते टी२४९ हे चार एका मिलिसेकंदाचे आणि टी२५० ते टी२५५ हे सहा १०० मिलिसेकंदांचे टायमर साठवणारे आहेत. बॅटरीवर जपलेले, कॉन्टॅक्ट सुटो वा सप्लाय जावो, आकडा ठेवणारे. त्यांना शून्यावर आणायचं तर आरएसटी सूचना द्यावीच लागते. ती विसरली तर पहिली भट्टी बरोबर निघते आणि दुसरा जॉब आत जाताच ‘सोक पूर्ण’चा दिवा लागतो.

टी२५० घेतला की लगेच एक अडचण. प्रीसेट जास्तीत जास्त ३२७६७, म्हणजे ३२७६.७ सेकंद, म्हणजे साडेचौपन्न मिनिटांच्या थोडं वर. दोन तास त्यात मावत नाहीत. म्हणून टायमरला मिनिट मोजायला लावायचं आणि मिनिटं काउंटरकडे सोपवायची. टी२५० चा प्रीसेट ६००, म्हणजे साठ सेकंद. तो पुरा झाला की सी१०० एकाने वाढतो आणि पुढच्याच ओळीत टी२५० ला रिसेट. सी१०० ते सी१९९ हे काउंटरही जपलेल्या भागातले. सी१०० चा प्रीसेट १२०.

लाइट गेली तेव्हा सी१०० मध्ये ७३ होते आणि टी२५० मध्ये ४१२, म्हणजे ४१.२ सेकंद. लाइट आली. दोन्ही आकडे जागच्या जागी. उरली ४६ मिनिटं १८.८ सेकंद. सगळं छान. पण टी२५० च्या आधी कॉन्टॅक्ट कुठला लावलाय?

‘सायकल चालू’ हा बिट लावला असेल तर टायमर ताबडतोब पळू लागेल. भट्टी चार मिनिटांत थोडी उतरली असेल, अर्ध्या तासाने लाइट आली तर बरीच उतरली असेल. थंड भट्टीतली मिनिटं टेंपरिंगमध्ये धरता येत नाहीत. तिथे लावायला हवा तापमानाचा कॉन्टॅक्ट: भट्टी ५४५ अंशांच्या वर आहे तोवरच मोज. मग लाइट गेली काय, हीटरचा फ्यूज उडाला काय किंवा कुणी दार उघडं ठेवलं काय, मोजणी आपोआप थांबते आणि भट्टी जागेवर आली की पुढे चालू होते. चांगल्या तापमान नियंत्रकांत हीच सोय तयार असते, तिला गॅरंटीड सोक म्हणतात. सुरुवातीच्या तीन उत्तरांपैकी इथे ४७ मिनिटांचं बरोबर, पण ती घड्याळाची नव्हेत, ५४५ अंशांच्या वरची ४७ मिनिटं.

आणखी एक गोष्ट या आकड्यांबरोबर जपावी लागते, आणि तीच विसरली जाते. मशीन कुठल्या पायरीवर होतं? टायमर ७३ मिनिटांवर उभा आणि प्रोग्राम मात्र ‘भट्टी रिकामी, स्टार्टची वाट पाहतोय’ या पायरीवर, असं झालं तर जपलेला आकडा अनाथ होतो. एफएक्समध्ये पायऱ्यांसाठी एस५०० ते एस८९९ आणि साध्या बिटांसाठी एम५०० पासूनचा पट्टा जपला जातो. पायरी एस२० ला लिहिली आणि टायमर टी२५० घेतला, तर अर्धं आठवतंय आणि अर्धं विसरलंय असं मशीन तयार होतं. त्यापेक्षा सगळं विसरणारं मशीन परवडलं, निदान ते ऑपरेटरला विचारतं तरी.

सगळ्याच ठिकाणी जपायची मात्र हौस नको. स्टार-डेल्टा स्टार्टरचा टायमर बघा. मोटर आधी स्टारमध्ये कमी करंटवर उचलायची आणि काही सेकंदांनी डेल्टात टाकायची. लाइट गेली म्हणजे मोटर थांबलीच. परत येताना मोजणी शून्यापासूनच हवी. हा टायमर कुणी जपला तर उभी मोटर थेट डेल्टात जाईल आणि ब्रेकर पाडेल. निर्जंतुकीकरणाच्या ऑटोक्लेव्हचंही तसंच. १२१ अंशांना १५ मिनिटं सलग हवीत. दहा आणि पाच अशी तुकड्यांनी जोडून चालत नाहीत, मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. घरच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा डिले असतो, तो तर लाइट आल्यावरच मोजायला लागतो. बंद झालेल्या कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला वेळ मिळावा एवढाच त्याचा हेतू. लाइट तासभर नव्हती तर खरं म्हणजे थांबायची गरज नसते, पण लाइट किती वेळ नव्हती हे स्टॅबिलायझरला ठाऊक नाही. तेव्हा तो वाईटात वाईट धरून चालतो. अज्ञानात एवढं शहाणपण पुष्कळ झालं.

याउलट ग्रीसिंगचे तास. ‘दर ५०० तासांनी बेअरिंगला ग्रीस’ असं असेल तर दर वेळी वीज गेल्यावरही टिकणारा आकडाच उपयोगाचा, आणि तो फक्त मोटर फिरत असतानाच वाढायला हवा. इथे साठवणारा टायमर नसेल तरी एक जुनी युक्ती चालते. ओम्रॉनमध्ये काउंटरचा आकडा वीज गेल्यावर टिकतो, म्हणून एका सेकंदाच्या घड्याळ-पल्सवर काउंटर चढवायचा. एफएक्समध्ये एम८०१३ हा सेकंदाचा आणि एम८०१४ हा मिनिटाचा बिट त्यासाठी आहे. चूक राहते ती प्रत्येक खंडामागे फार तर एका ठोक्याची. ५०० तासांत तिचं कुणाला काय!

तिसरा प्रकार लाइट नसतानाचा वेळही मोजायचा. विरजण लावलेल्या दुधाला लाइट गेल्याचं सोयरसुतक नसतं, तसंच इपॉक्सी रेझिनचं. साचा खोलीच्या तापमानाला आठ तास ठेवायचा आणि मग उघडायचा, तर मधल्या अंधारातही रेझिन घट्ट होतच असतं. यासाठी टायमर नको, भिंतीवरचं घड्याळ हवं, म्हणजे पीएलसीतलं आरटीसी. साचा बंद झाल्याची तारीख-वेळ जपलेल्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि आत्ताच्या वेळेतून वजा करायची. वीज कधी गेली हेही कळायला हवं असेल तर प्रत्येक स्कॅनला आत्ताची वेळ जपलेल्या जागी लिहीत राहायचं. लाइट गेली की शेवटची नोंद तिथेच थिजते. लाइट आल्यावर पहिल्या स्कॅनमध्ये, एफएक्सचा एम८००२ हा पहिल्या स्कॅनचा बिट लागलेला असताना, आधी ती जुनी नोंद वाचून बाजूला ठेवायची आणि मगच नवी लिहायची. ओळींचा क्रम उलटा झाला तर फरक कायम शून्य येतो आणि प्रोग्राम वरवर अगदी बरोबर दिसतो.

आरटीसीवरही डोळे मिटून विश्वास नको. एस७-१२०० मध्ये ते सुपर कपॅसिटरवर साधारण २० दिवस चालतं, आणि ४० अंशांना किमान १२ दिवसांची ग्वाही असते. घड्याळ मागे गेलं तर वजाबाकी उणे येते. फरक उणे किंवा अशक्य मोठा आला तर पुढे जाऊ नये, ऑपरेटरला विचारावं.

‘यूपीएस लावा, विषयच संपला’ असा सल्ला प्रत्येक कारखान्यात एक जण देतोच. यूपीएसने पीएलसी जिवंत राहतो, खरं. पण कॉन्टॅक्टर, हीटर, मोटर मेन्सवरच असतात. लाइट गेली, मिक्सर थांबला, आणि पीएलसी मात्र निवांत ‘मिक्सिंग दहा मिनिटं’ मोजतोय. लाइट आली तेव्हा त्याच्या लेखी मिक्सिंग पूर्ण. टायमर गमावण्यापेक्षा हे वाईट, कारण आकडा बरोबर दिसतो. यूपीएस नसतानाही हीच गोष्ट छोट्या प्रमाणात घडते. मानकाप्रमाणे एसी कॉन्टॅक्टर कॉइलचं व्होल्टेज ठरलेल्याच्या ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आलं की सुटतो. शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर चालू झाली, व्होल्टेज क्षणभर बसलं, कॉन्टॅक्टर सुटला, पण पीएलसीने कपॅसिटरवर तो क्षण पचवला. म्हणून टायमरच्या आधी आउटपुटचा बिट न लावता कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून आलेला इनपुट लावावा. ‘मी मिक्सर चालू केला’ आणि ‘मिक्सर चालू आहे’ यांत एका वायरचा फरक असतो, आणि तीच वायर पैसे वाचवायला गाळली जाते. फिरतं काम असेल तिथे शाफ्टजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर लावला तर आणखी उत्तम, बेल्ट तुटल्याचंही कळतं.

टायमर जपला, पायरी जपली, तरी लाइट येताच मशीनने आपोआप धावता कामा नये. लाइट गेल्यावर मेंटेनन्सवाला गार्ड उघडून आत हात घालतो, कारण मशीन थांबलेलं असतं. यंत्रसुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या मानकातही वीज परत आल्यावर धोका होईल असं आपोआप चालू होणं टाळायला सांगितलं आहे. म्हणून जपायची ती आठवण, आउटपुट नव्हे. पहिल्या स्कॅनमध्ये ‘थांबलेलं’ असा बिट लावावा, सगळे आउटपुट त्यावर अडवावेत, पडद्यावर दाखवावं: सोक ७३ मिनिटं झाला, भट्टी ५२० अंश, पुढे चालू की रद्द? माणसाने बटण दाबल्यावरच पुढे. भट्टीच्या हीटरला कदाचित ही अट सैल करता येईल, प्रेस किंवा कन्व्हेयरला मुळीच नाही.

चाचणीही वीज पाडूनच करायची. पीएलसीचा स्विच रनवरून स्टॉपवर नेऊन परत आणला म्हणजे वीज जाण्याची नक्कल झाली असं नाही, कारण अनेक कंट्रोलरमध्ये दोन्हींचे परिणाम वेगळे असतात. एमसीबी सोक सुरू होण्याआधी, मधोमध, मिनिट पुरं होता होता आणि सोक संपून दार उघडायच्या वेळी असा पाडून पाहावा. एकदा झटक्यात पाडून लगेच उचलावा, एकदा रात्रभर पडू द्यावा. प्रत्येक वेळी आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर लिहावेत. प्रोग्राम पुन्हा डाउनलोड केला की हीच चाचणी पुन्हा. एस७-१२०० मध्ये डेटा ब्लॉकची रचना बदलून डाउनलोड केलं तर त्यातली मूल्यं सुरुवातीच्या आकड्यांवर जाऊ शकतात, रिटेनची खूण असली तरी. चालू भट्टी असताना ‘एक छोटासा बदल’ डाउनलोड करू नये तो याच कारणाने.

राहता राहिली बॅटरी. एफएक्स३यू वर बॅटचा दिवा लागला की महिनाभर ‘बघू’ म्हणायचं नाही. एम८००५ हा बॅटरी उतरल्याचा बिट आहे, तो सरळ पडद्यावरच्या अलार्मला जोडून टाकावा, म्हणजे पॅनलचं दार उघडायची वाट पाहावी लागत नाही. जुना सेल काढल्यावर २० सेकंदांच्या आत नवा बसला पाहिजे, नाहीतर जपलेली मेमरी गेली. तेव्हा नवा सेल पाकिटातून काढून, त्याच्या कनेक्टरची बाजू बघून, हातात तयार धरावा आणि मगच जुन्याला हात लावावा. बदलायच्या आधी सी१०० सारखे चालू काउंटर आणि ग्रीसिंगचे तास उतरवून घ्यावेत, आणि नव्या सेलवर मार्करने तारीख टाकावी.